मास्तरांचे पाय

मास्तर मेडिकलमध्ये अनफिट ठरले, हे त्यांनी फोनवर सांगितलं नाही. ते नेहमीसारखे फ्लाइंग क्लबवर आले, हँगरच्या सावलीत गाडी लावली, माझ्या टेबलासमोरची खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "साहेब, आजपासून मी सामान."

"सामान म्हणजे?"

"म्हणजे वजन. सीटवर ठेवायचं, पट्टा आवळायचा. बाकी त्याने काही करायचं नाही."

मला चिडवायचं असलं की ते साहेब म्हणतात. एरवी मी त्यांची पोरगीच. कॉलेजात असताना त्यांनी मला विमान शिकवलं. आज त्याच क्लबची मी मुख्य प्रशिक्षक आहे. क्लब लहान आहे. मोजकी जुनी विमानं, एक धावपट्टी, तिच्या दोन्ही बाजूंना गवत, आणि काचेची एक खोली, जिला आम्ही मोठ्या ऐटीत टॉवर म्हणतो.

मास्तरांच्या हृदयाचा ठोका अधूनमधून चुकत होता. गोळ्या सुरू होत्या, जिने चढताना दम लागत नव्हता, पण तपासणीच्या डॉक्टरांना एका गोष्टीची हमी देता येत नव्हती, ती म्हणजे यांना क्षणभर भोवळ येणारच नाही. घरी सोफ्यावर आलेली क्षणाची भोवळ क्षणात संपते. विमान टेकत असताना तसं म्हणता येत नाही.

"डॉक्टरवर राग नाही ना?" मी विचारलं.

"छे. त्याच्या जागी मी असतो तर मीही सही केली नसती."

आमच्याकडचा नियम सरळ आहे. मेडिकल गेलं तरी शिकवण्याचा परवाना जात नाही. फक्त विमानाचा कमांडर, म्हणजे जबाबदार वैमानिक, दुसरा कुणीतरी असावा लागतो. नवशिका कमांडर होऊ शकत नाही, त्यामुळे नवशिक्यांना हवेत शिकवणं मास्तरांसाठी संपलं होतं. ज्यांच्याकडे लायसन्स आहे पण हात कच्चा आहे, अशांच्या शेजारी मात्र ते बसू शकत होते. कंट्रोलला हात न लावता, नुसतं सांगून शिकवायचं. त्यांना तसं बसवायचं की नाही, हे माझ्यावर होतं.

"जमिनीवरचे वर्ग आहेत की," मी म्हटलं. "हवामान, नकाशे."

"खडू हातात आला की मला झोप येते, मग वर्गाला काय येईल?" ते हसले, पण लगेच गंभीर झाले. "मला वर बसू दे. हात मांडीवर ठेवीन. एकदा जरी कंट्रोलला लागले, तर त्या दिवशी मला उतरव. मी पुन्हा शब्द काढणार नाही."

"मग आधी माझ्याबरोबर चला."

"परीक्षा?"

"परीक्षा."

"घे," ते उठत म्हणाले. "तुझी मी कमी घेतली नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. डाव्या सीटवर मी, कमांडर. उजव्या सीटवर मास्तर, दोन्ही हात मांडीवर, बोटं एकमेकांत अडकवलेली, वर्गात शिक्षा झालेल्या मुलासारखी. पुढे वाकून उंची बघायची सवय होती, तेव्हाही हात तिथेच. मी मुद्दाम वळण ढिसाळ घेतलं. "वळण आहे का वळसा?" ते म्हणाले, पण बोटं सुटली नाहीत. वेग मुद्दाम कमी होऊ दिला. त्यांनी नुसतं यंत्राकडे बोट दाखवलं. मला मनातून फार बरं वाटत होतं. हा माणूस करून दाखवणार, असं मी ठरवूनच टाकलं होतं.

मग विमान वर चढवताना मला पायांखाली काहीतरी वेगळं जाणवलं.

छोट्या विमानात पायांपाशी दोन पेडल असतात. ती दोन्ही सीटसमोर असतात आणि एकमेकांना जोडलेली असतात. इकडचं दाबलं की तिकडचंही दबतं. शेपटीवरचं सुकाणू या पेडलनी वळतं. इंजिन पूर्ण जोरात असताना विमानाचं नाक डावीकडे ओढलं जातं, म्हणून चढताना उजवा पाय दाबून धरावा लागतो. हे प्रत्येक वैमानिक नकळत करत असतो. माझं उजवं पेडल त्या दिवशी नको इतकं हलकं होतं.

मी दोन्ही पाय पेडलवरून काढून खाली तळावर ठेवले.

समोर यंत्रांत एक वाकडी नळी असते, तिच्यात काळा गोळा. विमान सरळ जात नसेल तर तो बाजूला सरकतो. माझे पाय तळावर, इंजिन जोरात. गोळा उजवीकडे जायला हवा होता. तो मधोमध उभा होता. मी इंजिनाचा जोर कमी केला, पुन्हा वाढवला. पुन्हा केला. प्रत्येक वेळी गोळा जरासा थरथरून मध्ये येत होता. एक-दोनदा घडलेली गोष्ट योगायोग असू शकते, म्हणून मी जोर आणखी एकदा बदलून पाहिला. मास्तर बाहेर बघत होते. हात मांडीवर, बोटं गुंफलेली. "आज लांबवरचं दिसतंय," ते म्हणाले. "हवा स्वच्छ आहे."

विमान ते चालवत होते, आणि त्यांना ते माहीत नव्हतं.

मी पाय पुन्हा पेडलवर घेतले आणि परत वळले. उतरताना माझा पाय दाबण्याच्या केसभर आधी पेडल आपोआप दबलं. हा केसभर आधीचा दाब मला ओळखीचा होता. मी पहिल्यांदा एकटी उडाले तेव्हा विमान धावताना एकदम डावीकडे, गवताच्या कडेला ओढलं गेलं होतं, आणि मी घाबरून उजवा पाय दाबून ते सावरलं होतं. तेव्हा मी भौतिकशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला होते आणि माझ्याकडे कारण तयार होतं: शेजारच्या सीटवरचा एक माणूस कमी झाला, वजन कमी झालं. ते कारण मी पुढे माझ्या विद्यार्थ्यांनाही सांगत आले. आता कळलं, शेजारचं वजन नव्हे, शेजारचे पाय कमी झाले होते.

इंजिन बंद झाल्यावर मास्तरांनी दोन्ही तळहात माझ्यासमोर धरले. "बघ. स्वच्छ."

"हात स्वच्छ आहेत, मास्तर. पाय नाहीत."

"पाय? पाय नुसते ठेवले होते. ठेवायचे कुठे, डोक्यावर?"

मी त्यांना गोळ्याचं सांगितलं. आधी ते हसले. मग म्हणाले, की वारा असेल. पण वारा असं करत नाही, हे त्यांनीच मला शिकवलं होतं.

"एवढ्याशा दाबाने काय होतं," ते शेवटी म्हणाले. "उलट शिकणाऱ्याला मदतच की."

"त्याला माहीत नसलेली मदत," मी म्हटलं. "तो समजणार, विमान आपणच सरळ ठेवतोय. आणि त्याच वेळी तुम्हाला भोवळ आली तर? त्याच्या हातून काही सुटलंय हेसुद्धा त्याला कळणार नाही. तुम्ही शेजारी नसलात तर बरं, अशी वेळ येईल."

हे माझ्या तोंडून जरा कडक निघालं. मास्तरांनी पट्टा सोडला, दार उघडलं आणि खाली उतरून विमानाच्या पंखाखाली उभे राहिले. मला वाटलं, चिडलेत. पण ते स्वतःच्या बुटांकडे बघत होते, दुसऱ्याचे असावेत तसे.

"म्हणजे नाही," ते म्हणाले.

"आज नाही."

ते गेले. पुढे बरेच दिवस क्लबवर फिरकले नाहीत. मी फोन करायला घ्यायचे आणि ठेवून द्यायचे. ज्या माणसामुळे मला आकाश मिळालं, त्याला मी खाली उतरवलं होतं, आणि माझं चुकलं नव्हतं. या दोन गोष्टी एकत्र मनात ठेवणं सोपं नव्हतं.

फोन आला तो काकूंचा. मास्तरांच्या बायकोला सगळा क्लब काकू म्हणतो. "वेळ असेल तर ये गं," त्या म्हणाल्या, "आणि या माणसाला घेऊन जा. माझा जीव जायची वेळ आलीय."

मी घाबरून तिकडे धावले. बघते तर दोघं त्यांच्या घरामागच्या मोकळ्या रस्त्यावर मोटारीत बसलेले. काकू स्टिअरिंगवर. त्यांच्याकडे लायसन्स होतं, पण मुलं मोठी झाल्यापासून त्यांनी गाडीला हात लावला नव्हता. मास्तर शेजारी, पाय सीटखाली मागे दुमडून घेतलेले.

"बस मागे," मास्तर म्हणाले. "आम्ही शिकतोय."

"मी शिकतेय," काकू म्हणाल्या. "हे नुसते ओरडतायत."

गाडी निघाली. वळणापाशी मास्तर म्हणाले, "डावीकडे घे. अजून. अजून!"

"अजून म्हणजे किती? वावभर का वीतभर?"

"अगं, अजून म्हणजे अजून!"

"आणि खांब गेल्यावर सांगता होय? गेला तो खांब! मागे वळून बघा, रडतोय बिचारा." काकूंनी गाडी थांबवली आणि आरशातून माझ्याकडे बघितलं. "जन्मभर घरात तोंडाला कुलूप. आणि आता म्हणे बोलून शिकवणार! आधी बोलायचा सराव म्हणून मला धरलंय."

मास्तर ओशाळून हसले. पण डोळ्यांत काहीतरी चमक होती. ते मागे वळले. "पोरी, ऐक. गंमत सांगतो. पायाला आधी कळतं. तोंडाला नंतर. गाडी वळायला लागली की माझे पाय चटईवर दाबायला जातात, म्हणून मी ते मागे बांधून ठेवलेत. मग मला जे कळतं ते जिभेपर्यंत येईतो खांब निघून जातो. इतकी वर्षं मी बोललोच नाही, कारण बोलायची वेळच आली नाही. पाय बोलून मोकळे व्हायचे."

"मग आता?"

"आता आधी बोलायचं. जे झालंय ते नाही, जे होणार आहे ते. तुझ्या काकूला 'डावीकडे' सांगून उपयोग नाही. 'ती भिंत संपली की रस्ता अरुंद होतोय, तेव्हाच वेग कमी कर,' असं सांगायला हवं. अवघड आहे."

"माझ्या आईने मला पोळ्या करायला अशाच शिकवल्या," काकू म्हणाल्या. "स्वतः खुर्चीत बसून. 'करपली' असं कधी म्हणाली नाही. 'आता वाफ येईल, तेव्हा उलट' म्हणायची."

"हे तू मला लग्न झाल्यापासून सांगितलं नाहीस."

"तुम्ही विचारलंत कधी?"

मी मागे बसून हसत होते. पण मला उमगलं होतं, की मास्तर घरी रुसून बसले नव्हते. ते पुन्हा पहिलीच्या वर्गात जाऊन बसले होते, आणि परीक्षेला काकूंना धरलं होतं.

त्यानंतर ते रोज क्लबवर येऊ लागले. विमानात बसायला नाही. कुंपणापाशी, धावपट्टीच्या टोकाजवळ घडीची खुर्ची टाकून बसायचे आणि उतरणाऱ्या प्रत्येक विमानाशी बोलायचे. मोठ्याने. "झाडं संपली की डावीकडून वारा लागेल तुला. आताच तयार राहा. लागला. बघ. आता नाक सरळ करायचंय, थांब, थांब, आत्ता." विमान टेकलं की पुन्हा पहिल्यापासून. क्लबमधल्या मुलांनी आधी टिंगल केली. "मास्तर, ऐकू येत नाही हो त्याला!" मास्तर म्हणायचे, "त्याला नाही रे, मला ऐकायचंय."

एका दुपारी मी चहाचे दोन कप घेऊन त्यांच्याजवळ जाऊन बसले. आठवडाभरापूर्वी त्यांचं बोलणं विमानाच्या मागे असायचं. आता ते पुढे होतं, थोडंसंच, पण पुढे. ते जे म्हणत, ते क्षणभराने घडत होतं.

"तू ते सांगितलंस, बरं झालं," मास्तर कपावर फुंकर मारत म्हणाले. "दुसरा कुणी असता तर माझा मान राखायला गप्प बसला असता. मग मी त्याच्या शिष्यांची विमानं पायाने चालवत बसलो असतो आणि सगळ्यांना सांगत फिरलो असतो, बघा, पोरं कशी छान उतरतात."

"माझी पण चालवलीत तुम्ही," मी म्हटलं.

"चालवली असणार." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "राग आला?"

मी विचार करून खरं ते सांगितलं. "नाही. त्या पायांनी मला घाबरू दिलं नाही. घाबरले असते तर दुसऱ्याच आठवड्यात सोडून गेले असते. पुढचं सगळं त्यामुळेच आहे. फक्त आता तसं चालणार नाही."

"नाही चालणार," ते म्हणाले आणि चहा प्यायले.

क्लबवर येणाऱ्या एका दातांच्या डॉक्टर बाईंना मी मास्तरांबरोबर बसवायचं ठरवलं. त्यांनी मुलं होण्याआधी लायसन्स घेतलं होतं, मग खंड पडला, आणि आता पुन्हा उडत होत्या. शांत हवेत त्यांचं सगळं ठीक असे. आडवा वारा आला की त्या थिजत. कमांडर म्हणून त्यांच्याकडे सगळे कागद पक्के होते. कमी होता तो धीर. मी मागच्या सीटवर बसणार होते. त्यांना मी मास्तरांच्या हृदयाचं सगळं सांगितलं, आणि हेही, की मास्तर हाताने वा पायाने कशालाही स्पर्श करणार नाहीत, त्यामुळे काहीही झालं तरी विमान तुमचंच.

"मी दिवसभर लोकांना तोंड उघडा म्हणते," डॉक्टर म्हणाल्या, "आणि वाऱ्यात माझंच बंद होतं."

"माझंही बंदच असायचं," मास्तर म्हणाले. "चला, दोघं मिळून उघडू."

वारा डावीकडून होता, मधूनच उसळणारा. मला मास्तरांच्या बुटांच्या टाचा दिसत होत्या. पाय सीटखाली मागे घेतलेले. माझं सगळं लक्ष त्या टाचांवर. त्या पुढे सरकल्या, की हे सगळं संपलं. मी उतरल्यावर त्यांना दुसऱ्यांदा नाही म्हणणार होते, आणि ते मान्य करणार होते. त्यानंतर तिसऱ्यांदा विचारणारं कुणी नव्हतं.

पहिल्या वेळी डॉक्टर जरा उंचावरूनच विमान टेकवायला गेल्या. झाडं संपली, वाऱ्याने एक धक्का दिला, चाक आपटलं आणि विमान उसळून पुन्हा हवेत गेलं. नाक तिरकं होऊ लागलं. डॉक्टरांचे हात जागच्या जागी थांबले. ती शांतता मला पाठ आहे. माणूस काहीच करत नाही तेव्हाची. मास्तरांचा खांदा उचलला गेला. टाचा हलल्या. हलल्या, आणि तिथेच राहिल्या.

"पूर्ण जोर," मास्तर म्हणाले. आवाज अगदी रोजचा, मीठ मागावं तसा. "उजवा पाय दाबा. नाक तेवढंच राहू द्या. बस्स. वर चाललो आपण."

डॉक्टरांचा हात पुढे गेला. इंजिन गरजलं. गवत खाली राहिलं.

"सॉरी, सॉरी," त्या म्हणाल्या.

"ते खाली गेल्यावर. आता पुढे बघा. काय चुकलं ते माहीत आहे?"

"उंच होते."

"थोड्या उंच होतात. दुसरं काही नाही. उंच असणं काही गुन्हा नाही."

फेरी मारून आम्ही पुन्हा धावपट्टीसमोर आलो. या वेळी मास्तर आधीपासून बोलत होते, सावकाश, एकेक गोष्ट. झाडांच्या शेवटी वारा कसा येईल. डावा पंख किंचित खाली ठेवायचा, वाऱ्याला टेकल्यासारखा. नाक उजव्या पायाने धावपट्टीच्या रेषेत आणायचं. "आणि कधी आणायचं ते मी सांगणार नाही," ते म्हणाले. "तुम्हालाच वाटेल, आता टेकणार. वाटलं की पाय."

झाडं संपली. मास्तर गप्प झाले.

मला त्यांचं बोलणं हवंहवंसं वाटलं. बोला ना, असं ओठांवर आलं. वारा आला, पंख आधीच खाली होता. डॉक्टरांचा श्वास हेडफोनमधून ऐकू येत होता. नाक वळून रेषेत आलं. डावं चाक टेकलं, मग उजवं, मग सगळ्यात शेवटी पुढचं, इतकं हळू की टेकलं ते मला आवाज बदलल्यावर कळलं.

टाचा जागेवर होत्या.

विमान हँगरपाशी आलं. इंजिन बंद झाल्यावर डॉक्टर म्हणाल्या, "शेवटी गप्प का झालात हो? मला वाटलं, तुम्हाला काही झालं."

"झालं असतं तरी चाललं असतं," मास्तर म्हणाले. "तुम्ही उतरवतच होतात."

"म्हणजे हे खरंच मी केलं? तुमचा पायबिय नाही?"

"मागे साक्षीदार आहे. विचारा."

"एकटीने केलंत," मी म्हटलं. माझ्या पहिल्या शंभर लँडिंगबद्दल मला हे कुणी सांगू शकलं नसतं. हेवा वाटला का? वाटला, थोडा. पण आनंद त्याहून जास्त झाला होता.

डॉक्टरांनी हेडफोन काढला, केस सारखे केले, दार उघडलं. मास्तर मात्र बसूनच. पट्टाही सोडला नव्हता.

"उतरा की, मास्तर," मी म्हटलं.

"कमांडरने सांगितल्याशिवाय?"

डॉक्टरांनी वळून माझ्याकडे पाहिलं, मी काही सांगते का म्हणून. मी मुद्दाम बाहेर बघितलं. मग त्यांच्या लक्षात आलं आणि त्या लाजल्या.

"उतरा," त्या म्हणाल्या. आणि लगेच, "नाही, थांबा. आधी सांगा, उद्या वारा असेल का?"

"असला तर बरं," मास्तर म्हणाले.